सहा मिली, पण कशातलं? अँटिबायोटिक सिरपचं एक प्रकरण

प्रकरणाविषयी

सिंहगड रस्त्यावरच्या एका बालरोग दवाखान्यात मी फार्मासिस्ट म्हणून काम करते. डॉक्टरांनी लिहिलेलं औषध घरी कसं द्यायचं, हे पालकांना समजावून सांगणं हा माझ्या कामाचा मोठा भाग. दवाखान्याचं स्वतःचं औषधाचं दुकान नाही, आणि मी शनिवार-रविवारी नसते. या दोन्ही गोष्टी पुढे महत्त्वाच्या ठरतात. कुटुंबाच्या संमतीने हे लिहिते आहे. नावं घेतलेली नाहीत, ओळख पटेल असे बारकावे बदलले आहेत. यातले मात्रेचे आकडे या एका मुलीच्या वजनाचे आणि तिच्या आजाराचे आहेत. ते कृपया दुसऱ्या कुठल्याही मुलासाठी उतरवून घेऊ नका.

पार्श्वभूमी

मुलगी अडीच वर्षांची, वजन ११ किलो. घर धायरीला. वडील चाकणच्या कारखान्यात, आई खराडीला एका आयटी कंपनीत दुपारपाळीला. आईची कॅब घरी पोचते तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात. दिवसभर मुलगी आजीकडे. आजी साताऱ्याकडच्या. स्वतःची मुलं, पुतणे, नातवंडं, सगळ्यांचं औषधपाणी आजवर त्यांच्याच हातचं. मराठी त्या छान वाचतात, इंग्रजी येत नाही.

ऑगस्टचा पाऊस, घरात सगळ्यांना सर्दी. शुक्रवारी रात्री मुलगी उजवा कान धरून रडायला लागली. शनिवारी संध्याकाळी आईबाबा तिला घेऊन दवाखान्यात आले, आजी घरीच थांबल्या. ताप १०२ होता. डॉक्टरांनी कान तपासला तर पडदा लाल आणि आतल्या पुवामुळे बाहेर फुगलेला.

प्रत्येक कानदुखीला अँटिबायोटिक लागतं असं नाही. मूल दोन वर्षांच्या वरचं असेल, त्रास सौम्य असेल, तर नुसतं वेदनेचं औषध देऊन दोन-तीन दिवस लक्ष ठेवणंही योग्य असतं. इथे ताप चढा होता आणि पडदा फुगलेला होता, म्हणून डॉक्टरांनी अँटिबायोटिक सुरू करायचं ठरवलं. चिठ्ठीवर लिहिलं : अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्युलॅनिक अ‍ॅसिडचं सिरप, २२८.५, सहा मिली, दिवसातून दोनदा, सात दिवस. सोबत ताप आणि दुखण्यासाठी पॅरासिटामॉल.

२२८.५ हा आकडा दोन औषधांची बेरीज आहे. पाच मिलीमध्ये २०० मि.ग्रॅ. अमॉक्सिसिलिन आणि २८.५ मि.ग्रॅ. क्लॅव्युलॅनिक अ‍ॅसिड. मात्रेचा हिशेब अमॉक्सिसिलिनवर करतात. डॉक्टरांनी दिवसाला किलोमागे ४५ मि.ग्रॅ. धरले : अकरा किलोला ४९५, त्याचे दोन भाग म्हणजे एका वेळी साधारण २५०. सहा मिलीमध्ये २४० बसतात. सात दिवसांचे चौदा डोस म्हणजे ८४ मिली. बाटली ३० मिलीची असते, म्हणजे तीन बाटल्या लागणार. हे शेवटचं गणित त्या संध्याकाळी कोणीच मोठ्याने बोललं नाही.

दुकानात काय झालं

रात्री नऊच्या सुमाराला वडील घराजवळच्या मेडिकलमध्ये गेले. २२८.५ शिल्लक नव्हतं. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची ४५७ची बाटली दिली. "औषध तेच आहे, कंपनी वेगळी," असं सांगितलं आणि खोक्यावर पेनाने चिठ्ठीतलंच उतरवून दिलं : ६ मिली, सकाळ-रात्र. बाटली एकच दिली, संपली की दुसरी न्या म्हणून.

४५७ म्हणजे पाच मिलीमध्ये ४०० अधिक ५७. औषध खरोखर तेच, फक्त दुप्पट दाट. त्यातल्या सहा मिलीमध्ये २४० नाही, ४८० मि.ग्रॅ. अमॉक्सिसिलिन जातं. ही बाटली दिली असती तरी चाललं असतं, पण मग खोक्यावर ३ मिली लिहायला हवं होतं.

नियमाची बाजूही सांगते. हे शेड्यूल एचमधलं, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांच्या सरकारी यादीतलं औषध आहे, पाकिटावर लाल रेघ असते ती त्यासाठीच. १९४५च्या औषध नियमांतला नियम ६५ सांगतो की अशा औषधाच्या चिठ्ठीवर जे लिहिलंय त्याऐवजी, घटक तोच असला तरी, दुसरं उत्पादन दुकानदाराने देऊ नये. रोजच्या व्यवहारात बदली सर्रास होते, आणि पुष्कळदा ती सद्भावनेनेच होते. रात्री नऊ वाजता बाहेर पाऊस, समोर घाबरलेला बाप, मुलगी कळवळते आहे. त्या दुकानदाराला पैसे जास्त मिळवायचे होते असं मला अजिबात वाटत नाही. मात्र कंपनी बदलणं आणि ताकद बदलणं यातला फरक त्या क्षणी निसटला, आणि पुढचं सगळं तिथून सुरू झालं.

घरात काय झालं

बाटलीतल्या पावडरीत पाणी घालून सिरप वडिलांनी तयार केलं. खोक्यात पाण्याची छोटी कुपी होती. बाटली न ठोकता, पावडर मोकळी न करता त्यांनी पाणी ओतलं. बाटलीवरच्या रेघेपर्यंत पाणी दिसलं तेव्हा थांबले आणि कुपीतलं उरलेलं टाकून दिलं. हलवल्यावर पातळी रेघेच्या खाली गेली, ते लक्षात आलं नाही. तळाच्या कडेला पावडरीचा एक गोळा तसाच चिकटून राहिला.

मापाला बाटलीवरचं प्लास्टिकचं टोपण होतं. त्यावर रेघा २.५, ५, ७.५ आणि १० अशा. सहाची रेघ नाही. "पाचच्या जरा वर" असं घरात ठरलं.

बाटली ओट्यावर, गॅसजवळ ठेवली गेली. फ्रिजमधलं गार औषध दिलं की सर्दी वाढेल, असं आजींचं म्हणणं. आजींना मी या बाबतीत दोष देत नाही. पावसाळ्यात सर्दी झालेल्या मुलाला गार काही देऊ नये, हे त्या आयुष्यभर पाळत आल्यात, आणि या बाटलीचं वेगळं काही आहे हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

शनिवारी रात्री, रविवारी सकाळी, रविवारी रात्री, सोमवारी सकाळी असे डोस गेले. रविवारी संध्याकाळपासून शी पातळ व्हायला लागली. सोमवारी दुपारपर्यंत सहा वेळा झाली, बूड लालभडक. ताप मात्र उतरला होता.

सोमवारी संध्याकाळी आजींनी सुनेला कामावर फोन केला.

"अगं, औषध गरम पडलंय तिला. ताप गेलाय, आता बास कर ते."

"आई, कोर्स पूर्ण करा म्हणाले होते ना डॉक्टर?"

"म्हणू देत. पोरगी किती मलूल झालीये बघ. तू इथे नाहीयेस."

औषध थांबलं. माझ्या मते हा या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय, आणि तो वाटतो तितका अविचाराचा नाही. आजींचं निरीक्षण बरोबर होतं. औषधाने त्रास होत होता, आणि त्याचं कारणही औषधातच होतं. कारण नक्की कोणतं, हे ओळखायला लागणारी माहिती इंग्रजीत, बारीक अक्षरात, खोक्याच्या मागच्या बाजूला होती. 'गरम पडलं' या दोन शब्दांत घरातल्या अनुभवी बाईने दिलेली खबर असते. ती ऐकून "कोर्स मोडू नका" एवढंच उत्तर दिलं तर पुढच्या वेळी फोनही येत नाही.

त्याच रात्री आणखी एक वळण आलं. फ्रिजच्या दारात मोठ्या चुलतभावाची, मागच्या दुखण्यातली अर्धी उरलेली दुसऱ्या अँटिबायोटिकची बाटली होती. शेजारच्या काकूंनी सुचवलं, ते सौम्य आहे, ते द्या. वडील नाही म्हणाले. मी नंतर त्यांना कारण विचारलं तर म्हणाले, "ती कधी बनवलेली तेच माहीत नाही. आणि वास वेगळा येत होता." हा नकार या सगळ्या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय होता. पाणी घातल्यावर बहुतेक अशी सिरपं थोडे दिवसच टिकतात. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलॅनिकचं तर फ्रिजमध्येसुद्धा सातच दिवस. त्यानंतर बाटलीत गोड पाणी दिसतं, पण औषधाचा भरवसा राहत नाही. शिवाय दुसऱ्या मुलाच्या दुसऱ्या आजाराचं औषध कितीही सौम्य म्हटलं तरी या कानाला लागू पडेलच असं नाही.

मंगळवारी दवाखान्यात

सकाळी आईचा फोन आला. आमच्या स्वागतकक्षातल्या ताईंनी एक वाक्य नेमकं म्हटलं : "येताना खोकं, बाटली आणि ज्याने औषध देता ते माप, तिन्ही घेऊन या. आणि आजींना आणा." ते वाक्य नसतं तर जुलाब म्हणजे औषध मानवत नाही, असं म्हणून औषध बदललं गेलं असतं आणि मूळ गोष्ट कधीच कळली नसती.

खोकं टेबलावर ठेवल्याबरोबर ४५७ दिसलं. बाटली उजेडात धरली तर तळाला पिवळसर पेंड. उरलेलं औषध मी सिरिंजने मोजलं, जेमतेम पाच मिली. घरात एक वेगळीच धास्ती होती. रविवारी रात्री आजींनी आठला औषध दिलं होतं आणि वडिलांना वाटत होतं की आपणही झोपताना दिलं. दोघांनाही खात्री नव्हती. बाटलीतल्या उरलेल्या पाच मिलीवरून हिशेब चार डोसांचाच लागला, पाचवा बसत नव्हता. वडिलांनी दिलं होतं ते पॅरासिटामॉल. हे कळल्यावर दोघांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला स्पष्ट दिसला.

डॉक्टरांनी तपासलं. ताप ९९.५, जीभ ओली, लघवी नेहमीसारखी, वजन १०.८. अंगावर पुरळ नाही, ओठ-डोळे सुजलेले नाहीत. पडदा अजून लाल, फुगवटा कमी झालेला.

दुप्पट मात्रेने काय बिघडलं, तेही त्यांनी आईबाबांना आकड्यांत सांगितलं. दिवसाला ९६० मि.ग्रॅ. म्हणजे किलोमागे ८७ च्या आसपास. कानाच्या संसर्गाला अमॉक्सिसिलिन कधीकधी मुद्दाम एवढ्या मात्रेत देतात, त्यामुळे विषबाधेची भीती नव्हती. पण या बाटलीत अमॉक्सिसिलिन दुप्पट झालं की क्लॅव्युलॅनिक अ‍ॅसिडही दुप्पट होतं, आणि जुलाबामागे बहुतेक वेळा तेच असतं. मोठी मात्रा हवी असते तेव्हा क्लॅव्युलॅनिकचं प्रमाण कमी असलेलं वेगळं मिश्रण वापरतात ते त्याचसाठी.

कोणते पर्याय होते

पहिला, अँटिबायोटिक पूर्ण थांबवून नुसतं लक्ष ठेवायचं. आजींचा कल तिकडे होता. डॉक्टरांनी तो झटकून टाकला नाही. सुरुवातीला त्रास सौम्य असता तर हाच मार्ग घेतला असता, असं त्यांनी आजींना सांगितलंही. पण पडदा अजून लाल होता आणि मधले दोन डोस, सोमवार रात्रीचा आणि मंगळवार सकाळचा, आधीच चुकले होते. अर्धवट उपचारावर सोडणं त्यांना पटेना.

दुसरा, औषध बदलायचं. हे आईला हवं होतं. तिचं म्हणणं समजण्यासारखं होतं, पोटाला जे झेपत नाही ते परत कशाला? पण औषध लागू पडत होतं, ताप उतरला होता, आणि जुलाबाचं कारण हातात सापडलं होतं. अशा वेळी दुसऱ्या गटातल्या अँटिबायोटिककडे जाण्याला आधार नव्हता. शिवाय एकदा "हिला हे औषध चालत नाही" अशी नोंद मुलीच्या नावावर लागली की ती वर्षानुवर्षं निघत नाही आणि पुढच्या प्रत्येक दुखण्यात एक चांगलं औषध हातचं जातं. जुलाब म्हणजे अ‍ॅलर्जी नव्हे, हे डॉक्टरांनी फाइलवर मुद्दाम लिहून ठेवलं.

तिसरा, आहे तीच बाटली तीन मिलीने पुढे चालवायची. उरलेले पाच मिली, त्यात तळाची पेंड, दोन दिवस ओट्यावर. यावर चर्चेची गरजच पडली नाही. मी ती तिथेच बाजूला काढली.

उरला चौथा. नवी बाटली, योग्य मात्रा, पाच दिवस. आता २२८.५ घ्यायची की ४५७? डॉक्टरांनी मला विचारलं. मी ४५७ सुचवलं. अडीच वर्षांच्या मुलीच्या गळ्याखाली सहा मिलीपेक्षा तीन मिली उतरवणं सोपं, सिरिंजवर तीनची ठळक रेघ असते, आणि घराजवळच्या दुकानात तीच ताकद मिळते. चिठ्ठीवर या वेळी असं लिहिलं गेलं : "२४० मि.ग्रॅ. एका वेळी. ४०० मि.ग्रॅ./५ मिलीच्या सिरपमधलं ३ मिली. दिवसातून दोनदा, मंगळवार रात्रीपासून ५ दिवस. बाटल्या २."

दहा डोसांना तीस मिली, म्हणजे कागदावर एक बाटली पुरते. प्रत्यक्षात थोडं बाटलीच्या कडेला राहतं, थोडं मूल थुंकतं. म्हणून दोन लिहिल्या, आणि दुसरी लागेपर्यंत तिच्यात पाणी घालायचं नाही असं बजावलं.

काय केलं

औषध कसं द्यायचं ते मी आईबाबांना सोडून आजींना दाखवलं, आणि मग त्यांनाच करायला लावलं.

आधी बाटली बनवणं. वडील दुकानातून नव्या बाटल्या घेऊन आले तेव्हा सगळं तिथेच केलं. बंद बाटली तळहातावर ठोकून, उलटीसुलटी करून पावडर मोकळी करायची. निम्मं पाणी घालायचं, झाकण लावून जोरात हलवायचं, गोळा राहिलाय का ते उजेडात बघायचं. मग रेघेपर्यंत पाणी, परत हलवायचं, फेस बसू द्यायचा. पातळी रेघेखाली गेली असेल तर रेघेपर्यंत परत पाणी. खोक्यात कुपी नसेल तर उकळून पूर्ण गार केलेलं पाणी, कोमट अजिबात नाही. मग लेबलवर तयार केल्याची तारीख. आजींनी ती मराठीत लिहिली, मंगळवारसकट.

मग माप. पाच मिलीची, सुई नसलेली, तोंडातून औषध द्यायची सिरिंज दिली. तीनच्या रेघेवर पांढरी चिकटपट्टी लावली. आजींनी आधी पाणी भरून पाहिलं. पहिल्यांदा हवेचा बुडबुडा आत राहिला, तो वर ढकलून परत भरलं, तेव्हा बरोबर तीनवर आलं. सिरिंजच्या टोकाला छोटं टोपण असेल तर ते आधीच फेकून द्यायचं, कारण ते मुलाच्या घशात जाऊ शकतं. हे सांगितल्यावर आजी म्हणाल्या, "हे बरं सांगितलंत. मी तर ते जपून ठेवलं असतं."

औषध पाजायची त्यांची रीत म्हणजे मांडीवर आडवं घ्यायचं, बोंडल्याने ओतायचं आणि गिळावं म्हणून नाक दाबायचं. मी म्हटलं, "आजी, मांडी तुमचीच राहू दे, फक्त तिला बसती करा." ताठ बसवून सिरिंजचं टोक गालाच्या आतल्या बाजूला ठेवायचं, थोडं थोडं ढकलायचं, तिने गिळलं की पुढचं. आडवं करून, नाक दाबून, रडत्या मुलाच्या घशात ओतलं तर औषध श्वासनलिकेत जायची भीती. दुधाच्या पूर्ण कपात मिसळायचं नाही, कारण तिने अर्धं दूध टाकलं तर किती औषध गेलं ते सांगता येत नाही. आणि जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर द्यायचं, म्हणजे पोटाला त्रास कमी होतो.

गार औषधाच्या प्रश्नावर मधला मार्ग निघाला. बाटली फ्रिजमध्ये, पण दारात किंवा बर्फाच्या कप्प्यात नाही. डोस सिरिंजमध्ये घेतल्यावर ती दोन-चार मिनिटं मुठीत धरायची. आजींना हे पटलं, आणि पटलेलीच गोष्ट पाच दिवस टिकते.

वेळ सकाळी आठ आणि रात्री आठ. दोन्ही डोस आजींनीच द्यायचे. फ्रिजवर कागद, प्रत्येक डोसाची चौकट, दिल्याबरोबर टिक. टिक केलेल्या कागदाचा फोटो आईला. पॅरासिटामॉलचा कागद वेगळा आणि वेगळ्या रंगाचा, रविवारच्या रात्रीसारखा गोंधळ परत नको म्हणून. एखादा डोस विसरला तर आठवल्यावर द्यायचा, पुढच्याची वेळ जवळ आली असेल तर तो सोडून द्यायचा, दोन एकदम कधीच नाही.

जुलाबासाठी ओआरएस : एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, आणि प्रत्येक पातळ शीनंतर १०० ते २०० मिली, चमच्याचमच्याने. मेतकूट-भात, ताक, पेज चालू. या औषधावर दही-ताक वर्ज्य नाही. शीत रक्त दिसलं, सहा-आठ तास लघवी झाली नाही, मुलगी पेंगत राहिली तर लगेच आणायचं. चेहरा-ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या किंवा श्वासाला त्रास झाला तर औषध थांबवून १०८ला फोन.

परिणाम

बुधवारी सकाळी डोस दिल्यावर दोन मिनिटांत मुलीने सगळं ओकलं. आजींनी दुसरा डोस देण्याआधी फोन केला. किती वेळाने ओकली, औषध तसंच बाहेर आलं का, हे विचारून डॉक्टरांनी डोस परत द्यायला सांगितला. अर्ध्या-पाऊण तासाने ओकली असती तर उत्तर वेगळं असतं. म्हणूनच विचारायचं.

गुरुवारपर्यंत जुलाब थांबले. पहिली बाटली शनिवारी रात्री संपली, रविवार सकाळच्या शेवटच्या डोसासाठी दुसरी बनवावी लागली. उरलेलं आजींनी स्वतः टाकून दिलं, चुलतभावाच्या बाटलीसकट. दोन आठवड्यांनी तपासलं तेव्हा कान दुखत नव्हता, पडद्यामागे थोडं पाणी होतं. ते काही आठवडे राहू शकतं. म्हणून ऐकण्याकडे लक्ष ठेवून परत एकदा दाखवायला सांगितलं आहे.

वेगळं काय करता आलं असतं

शनिवारी एक प्रश्न विचारायला हवा होता : घरी औषध कोण देणार? उत्तर 'आजी' असं आलं असतं तर फोन लावून पाच मिनिटं त्यांच्याशी बोलता आलं असतं. आता हा प्रश्न दवाखान्यात प्रत्येक अँटिबायोटिकच्या चिठ्ठीबरोबर विचारला जातो, मी असो वा नसो. देणारी व्यक्ती समोर नसेल तर व्हिडिओ कॉल लावतात आणि त्यांच्याकडून एकदा उलट वदवून घेतात : किती, कशाने, किती वाजता.

चिठ्ठीवर नुसते मिली होते. मिली हे माप बाटलीवर अवलंबून असतं, मिलिग्रॅम मुलावर. दोन्ही लिहिलेले असते तर दुकानदाराला, नाही तर निदान वडिलांना, खोक्यावरच्या आकड्याशी ताडून बघायला काहीतरी मिळालं असतं. बाटल्यांची संख्याही तेव्हाच लिहायला हवी होती. एकच बाटली हातात असली की बाटली संपली म्हणजे कोर्स संपला असं घराघरांत धरलं जातं, आणि ती चूक इथे जुलाबांनी आधीच गाठलं म्हणून झाली नाही, एवढंच.

सोमवारी संध्याकाळी आजींनी औषध थांबवलं याबद्दल मला काही म्हणायचं नाही. तो फोन सुनेऐवजी दवाखान्यात आला असता तर एक रात्र वाचली असती. पण दवाखान्याचा नंबर चिठ्ठीवर इंग्रजीत, बारीक अक्षरात होता. आता तो मराठीत, मोठ्या अक्षरात, 'औषधाने त्रास झाला तर थांबवण्याआधी फोन करा' या ओळीखाली छापला आहे.

एका मुद्द्यावर डॉक्टरांचं आणि माझं अजून एकमत नाही. माझं म्हणणं, लिहिलेली ताकद दुकानात नसेल तर दुकानदाराने बदली देऊच नये, नियमही तेच सांगतो. डॉक्टर म्हणतात, रात्री नऊला पावसात बाप तीन दुकानं हिंडण्यापेक्षा दुकानदाराने आपल्याला फोन करावा, मात्रा बदलून घ्यावी आणि ती खोक्यावर लिहावी, म्हणजे मुलीला त्याच रात्री पहिला डोस मिळतो. धायरीतल्या त्या दुकानदाराला मी भेटून आले. खोकं दाखवलं तेव्हा त्यांनी हिशेब लगेच ओळखला. ताकद बदलायची वेळ आली तर आधी फोन करेन, असं ते म्हणाले, आणि त्यानंतर दोनदा त्यांचे फोन आलेही. दोन्ही वेळा मात्रा बदलून द्यावी लागली.